स्वस्त प्रिंटर घेण्याआधी शाईचा हिशोब

प्रिंटर निवडताना आधी प्रिंटर बघूच नका. त्याला लागणाऱ्या कार्ट्रिजचा, म्हणजे शाईच्या डबीचा, नंबर शोधा आणि तिची किंमत व यील्ड, म्हणजे तिच्यातून किती पानं निघतात तो आकडा, लिहून काढा. किमतीला यील्डने भागलं की पानामागे शाई कितीला पडते ते कळतं. काळ्या आणि रंगीत कार्ट्रिजचा हिशोब वेगवेगळा करा.

यील्डचा आकडा खोटा नसतो, पण घरच्या वापराला तो लागू पडत नाही. इंकजेटसाठी, म्हणजे पातळ शाई फवारणाऱ्या प्रिंटरसाठी, तो आयएसओ/आयईसी २४७११ या मानकानुसार, ठरावीक पानं कार्ट्रिज संपेपर्यंत छापून काढतात. त्या पानांवर एकेका रंगाने साधारण ५ टक्केच जागा व्यापलेली असते. पानभर फोटो छापलात की गणित कोलमडतं. शिवाय घरी आठवड्याला आठ-दहा पानं निघतात आणि मधे प्रिंटर आपलं हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, साफ करण्यासाठी शाई ओढत राहतो. ती शाई कागदावर येतच नाही. म्हणून छापील यील्डच्या दोन-तृतीयांशच धरावा.

आता महिन्याला ४० पानं धरा: तीन वर्षांत १,४४०. यील्ड १२० असेल तर प्रत्यक्षात ८०, म्हणजे १८ कार्ट्रिज. त्यांची बेरीज प्रिंटरच्या किमतीशेजारी लिहून बघा. लेझर प्रिंटरमध्ये शाईऐवजी टोनरची भुकटी असते आणि ती वाळत नाही, त्यामुळे १,५०० यील्डचा एक टोनर एवढ्या छपाईला जवळपास पुरतो. फक्त ड्रम, म्हणजे ती भुकटी कागदावर उतरवणारा रूळ, वेगळा बदलावा लागतो का, तेवढं विचारून घ्या. प्रिंटरसोबत येणारी कार्ट्रिज या हिशोबात धरू नका. ती बहुतेकदा अर्धवटच भरलेली असते.

तीन रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतील तर निळा संपला की उरलेला पिवळा आणि गुलाबीही फेकावा लागतो. काही मॉडेल रंग संपला की काळं पानसुद्धा छापत नाहीत. (हे मात्र खोक्यावर कुणी लिहीत नाही.) बाहेरची किंवा रिफिल केलेली कार्ट्रिज वापरायचा बेत असेल तर जपून: कार्ट्रिजवरची चिप ओळखणारा प्रिंटर आज चालेल आणि फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झाल्यावर तीच कार्ट्रिज नाकारेल.

इंकजेट घरात आहेच, तर शाई अशी वाचवा. प्रिंटर भिंतीवरच्या स्विचने नाही, त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा आणि तो पूर्ण थांबल्यावरच वीज तोडा. तेव्हाच हेड आपल्या टोपीवर जाऊन बसतं. नाहीतर शाई नोझलमध्ये, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांत, वाळते. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक पान छापा. रेघा तुटक आल्या तर आधी नोझल चेक (कुठली छिद्रं बुजली ते दाखवणारं चाचणीचं पान) काढा, मग प्रिंटरच्या मेनूतून एकदाच हेड क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. दोन-तीन क्लीनिंगनंतरही फरक नसेल तर काही तास तसाच राहू द्या. लागोपाठ दहा वेळा क्लीनिंग मारणं म्हणजे शाई गटारात ओतणं.

हे गटार खरोखरच असतं: वेस्ट इंक पॅड, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणारा प्रिंटरमधला पॅड. क्लीनिंगची शाई त्यात मुरते, प्रिंटर तिची मोजदाद ठेवतो आणि मर्यादा गाठली की छपाईच बंद करतो. इंक टँकवाल्या, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या, प्रिंटरचीही यातून सुटका नाही. पॅड आपल्याला घरी बदलता येतो की सर्व्हिस सेंटरलाच न्यावं लागतं, हे विकत घेण्याआधी विचारा.