अंबाझरीवर पाणकावळ्यांची सामूहिक शिकार कशी पाहावी

समुद्रात डॉल्फिन तारल्यांच्या झुंडीला घेरून पृष्ठभागाकडे रेटतात. खालची वाट बंद, वर नुसती हवा. मासे हाकण्याचा असाच डाव नागपुरात अंबाझरी तलावावर पाणकावळे खेळतात.

हिवाळ्यात सकाळी जा. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर पाण्याच्या चकाकीत काळे ठिपकेच दिसतील. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. एकाच पक्ष्यावर नजर खिळवू नका; तो बुडी मारून भलतीकडेच निघतो. अख्खी रांग पाहा: पुढचे बुडतात, मागचे उडून त्यांच्यापुढे उतरतात, म्हणून मासे सतत पुढे हाकलले जातात. रांग काठाकडे वळली की बगळ्यांवर लक्ष ठेवा. उथळ पाण्यात उसळलेले मासे ते फुकटात टिपतात! फार जवळ गेलात तर सगळेच उडतील.