ओपन माइकवरच्या या चुका टाळा. ‘मी यशस्वी होणारच’ ही त्यांतलीच एक

गेली ४ वर्षे मी जवळजवळ दर आठवड्याला ओपन माइकवर, म्हणजे नवख्यांनाही नाव नोंदवून मंचावर विनोद करता येतात अशा स्टँडअप कॉमेडीच्या कार्यक्रमात, उभी राहते आणि वर्षभरापासून अधूनमधून सूत्रसंचालनही करते. पहिल्यांदा माइक हातात घेणारी माणसे मला इतकी दिसतात, की कोण कुठे घसरणार हे आता पहिल्या दोन वाक्यांतच कळू लागले आहे. मी २४ वर्षांची आहे आणि कोणी नाव घ्यावे असे माझ्या हातून अजून काही झालेले नाही. मात्र खाली लिहिलेली बहुतेक प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तेवढ्या अधिकारावर लिहायला हरकत नसावी.

मित्रांच्या हशावर विसंबणे

माझ्या पहिल्या सेटला, म्हणजे मंचावरच्या पहिल्या पाच मिनिटांना, मी ११ मित्रमैत्रिणींना घेऊन गेले होते. एकूण प्रेक्षक तिसाच्या आसपास, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त खोली माझीच होती. पाच मिनिटे नुसती दणाणून गेली. घरी येऊन मी वहीत तारीख घातली आणि खाली ‘आपल्याला हे जमते’ असे लिहिले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी तोच सेट, तीच वाक्ये, अंगात कुर्ताही तोच, पण ओळखीचे एकही माणूस नाही. पहिल्या विनोदावर कोणी हलले नाही. दुसऱ्यावर मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिसरा मी घाईघाईने उरकला, कारण शांततेत उभे राहायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. पाच मिनिटांचा सेट तीन मिनिटे दहा सेकंदांत संपला आणि मी माइक स्टँडला लावायलाही विसरले. तो घेऊनच खाली उतरले आणि सूत्रसंचालकाने तो माझ्या हातातून काढून घेतला, त्यावर मात्र हशा झाला.

परतताना मैत्रिणीला फोनवर मी सांगितले, की प्रेक्षकच मेलेले होते. हे वाक्य आता मी दर आठवड्याला कोणा ना कोणाच्या तोंडून ऐकते आणि दर वेळी मला तो फोन आठवतो. कारण मी बॅग उचलत असताना माझ्यानंतरच्या मुलाला त्याच मेलेल्या प्रेक्षकांनी दुसऱ्या वाक्याला टाळी दिली होती, ती मी कानांनी ऐकली होती आणि सोयीस्करपणे विसरले होते.

दोन्ही रात्रींचे रेकॉर्डिंग माझ्याकडे होते, पण ते लावायचे धैर्य यायला तीन आठवडे गेले. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये एक चमत्कारिक गोष्ट सापडली: मित्र पंच, म्हणजे विनोदाची हसवणारी शेवटची ओळ, येण्याआधीच हसत होते. त्यांना किस्से माहीत होते, किश्श्यांतली माणसे माहीत होती, त्यामुळे नुसत्या आठवणीने त्यांना हसू फुटत होते आणि माझा पंच त्या आवाजाखाली गाडला जात होता. म्हणजे तो पंच चालतो की नाही, हे पहिल्या रात्री तपासलेच गेले नव्हते. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये मी १९ वेळा ‘म्हणजे’ म्हटले होते.

तेव्हापासून माझी सवय अशी, की सेट त्याच रात्री ऐकायचा नाही; त्या रात्री एक तर सगळेच थोर वाटते किंवा सगळेच टाकाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी सेट कागदावर उतरवून पेन्सिल घेऊन बसते. जिथे खोली हसली तिथे ठळक टिंब, जिथे दोघे-तिघेच हसले तिथे पोकळ टिंब, आणि जिथे मीच हसले तिथे फुली. सलग तीन ठिकाणी ज्या ओळीला टिंब मिळाले नाही ती ओळ जाते, मग ती मला कितीही लाडकी असो. ही काही शास्त्रीय पद्धत नाही. परंतु ‘मी ऐकत नाही, मला आपोआप समजते’ असे सांगणाऱ्या एकाही नवोदिताला आपोआप समजल्याचे मी पाहिलेले नाही.

पंचानंतर बोलत राहणे

ही चूक मराठीत जास्त होते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ज्या शब्दावर हसायचे तो शब्द उच्चारून झाल्यावरही ‘असते’, ‘आहे’, ‘असे मला वाटते’ अशी शेपटे उरतात आणि प्रेक्षक ती संपण्याची वाट पाहत हसू गिळतात. माझ्याच सेटमधली एक ओळ सुरुवातीला अशी होती: ‘माझी आई ना, मला रोज सकाळी सात वाजता आठ वाजले असे सांगून उठवते, म्हणजे आमच्या घरात आईचा एक वेगळाच टाइम झोन आहे असे मला कधीकधी वाटते.’ एकालाही हसू आले नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. पाच-सहा आठवड्यांच्या कापाकापीनंतर ती अशी झाली: ‘आई मला सात वाजता आठ वाजले म्हणून उठवते. जगात चोवीस टाइम झोन. पंचविसावा, आमची आई.’ तिसऱ्या वाक्याआधी एक श्वास थांबायचे आणि ‘आई’नंतर तोंड बंद ठेवायचे. तोंड बंद ठेवणे सर्वांत अवघड गेले. हशा येईल की नाही या भीतीने आपण पुढचे वाक्य सुरू करतो, आणि जो हशा येऊ घातला होता तो आपणच मारतो.

याच ओळीवर एकदा पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दुरुस्ती केली, की अर्ध्या तासाचे धरले तर टाइम झोन चोवीसपेक्षा जास्त भरतात. त्यांचे बरोबर होते. हेकलरला, म्हणजे मध्येच टोकणाऱ्या प्रेक्षकाला, ठेचण्याची उत्तरे पाठ करून येणारे नवोदित इथे त्या माणसावर तुटून पडले असते. मी ‘काका, आईला सांगू नका, ती अर्ध्या तासाचाही सुरू करेल’ एवढेच म्हटले आणि ते वाक्य आता सेटमध्ये कायमचे आहे.

‘मी यशस्वी होणारच’

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. आरशासमोर रोज ‘मी यशस्वी होणारच’ म्हणणारी बरीच मुले माझ्या पिढीत आहेत आणि मीही वर्षभर म्हटले. श्रद्धा वाईट नव्हे. पण मी ती गुंगीच्या औषधासारखी वापरत होते. सेट पडला, की ‘शेवटी यश माझेच आहे’ असे म्हणायचे आणि तो का पडला हे पाहायचे टाळायचे. यश ठरलेलेच असेल तर रेकॉर्डिंग कशाला ऐकायचे? आता माझी श्रद्धा फार लहान झाली आहे: ही ओळ पुढच्या मंगळवारपर्यंत आणखी बरी करता येईल, एवढीच. ती दर मंगळवारी खरी-खोटी करता येते.

‘किती महिन्यांत नाव होईल?’ असे विचारणाऱ्यांना मी अमेरिकन विनोदवीर स्टीव्ह मार्टिनचा हिशेब सांगते. त्याने १८ वर्षे स्टँडअप केले. त्याच्याच सांगण्यानुसार त्यांतली १० शिकण्यात गेली, ४ घासूनपुसून घेण्यात, आणि भरघोस यशाची उरली ४. तिथलाच दुसरा विनोदवीर जेरी साइनफेल्ड १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा सगळे विसरला आणि केवळ विषयांची नावे उच्चारून खाली उतरला. ‘टुनाइट शो’ या टीव्हीवरच्या नावाजलेल्या कार्यक्रमात तो १९८१ मध्ये पोहोचला. रॉडनी डेंजरफील्डने तर हे क्षेत्र सोडून घरांना बाहेरून लावायचे ॲल्युमिनियमचे पत्रे विकले आणि चाळिशीच्या सुमारास तो परत आला. मात्र ही नावे मी आश्वासन म्हणून सांगत नाही, कारण तेवढीच वर्षे घालवून हाती काही न लागलेल्यांची नावे आपल्यापर्यंत येतच नाहीत. मी ती फक्त ‘महिने’ हा शब्द खोडण्यासाठी सांगते.

घाईचा सध्याचा लाडका आडमार्ग म्हणजे क्राउड वर्कची, प्रेक्षकांशी मारलेल्या आयत्या वेळच्या गप्पांची, क्लिप. लिहिलेली पाच मिनिटे हाताशी नसताना पुढच्या रांगेला ‘तुम्ही काय करता?’ विचारायचे आणि चाळीस सेकंद बरे गेले की तेवढे इंटरनेटवर टाकायचे. क्लिप चालते, लोक तिकीट काढून येतात, आणि अर्ध्या तासाचे मटेरियल कुठे आहे हे त्यांना समजत नाही; कलाकारालाही नाही.

ज्यांना एक ओळ पुरे

माइकच्या जाळीवर मूठ आवळू नका. आवाज बसका होतो आणि शिटी वाजू लागते. स्टँड आपल्यापुढे न ठेवता मागे सरकवा. ‘मी आज नवीन आहे, सांभाळून घ्या’ म्हणू नका, ते दिसतेच. दुसऱ्याचा विनोद ‘थोडा बदलून’ घेऊ नका. विनोद डोक्यात ठेवू नका, लिहा. अमेरिकन विनोदवीर फिलिस डिलर वयाच्या ३७ व्या वर्षी या क्षेत्रात आली आणि तिच्या पोलादी कपाटातली ५० हजारांहून अधिक विनोदांची कार्डे आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. वेळ संपत आल्याचा इशारा देणारा लाइट दिसला की संपवा. ‘फक्त शेवटचा एक’ म्हणून चार मिनिटे जास्त घेणाऱ्याला मी पुन्हा यादीत घेत नाही, आणि तो विनोद चांगला असला तरी घेत नाही.

आणि आपला सेट झाला म्हणून निघून जाऊ नका. गेल्या आठवड्यात २२ जणांच्या यादीतला शेवटचा मुलगा उभा राहिला, तेव्हा समोर चार माणसे उरली होती: मी, साउंड पाहणारा दादा, आणि त्या मुलाला घ्यायला आलेले त्याचे आईवडील. त्याने पूर्ण पाच मिनिटे केली आणि तिसऱ्या विनोदावर त्याचे वडील न हसता नुसते ‘खरे आहे’ म्हणाले. त्याने ते रेकॉर्ड केले होते का, हे मी बाहेर पडताना विचारले. केले होते.