मॅमोग्राफीचा अहवाल लिहिताना या चुका टाळा

सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून नाशिकला मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीसाठी, आलेली स्त्री अहवाल घेऊन गावी परतते, आणि तो वाचणाऱ्या डॉक्टरांशी आपली गाठ बहुधा पडत नाही. म्हणूनच ‘संशयास्पद सावली, क्लिनिकल कोरिलेशन करावे’ (म्हणजे रुग्णाला प्रत्यक्ष तपासून ताळा घ्यावा) एवढ्यावर अहवाल संपवणे मला सर्वांत घातक वाटते. हीच संदिग्धता टाळण्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने बायरॅड्स ही स्तनतपासणीच्या अहवालांसाठीची ठरावीक शब्दावली आखली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत निष्कर्षानुसार ० ते ६ असे वर्ग असून प्रत्येकाबरोबर पुढे काय करायचे हेही सांगितलेले आहे.

सर्वाधिक गैरवापर होतो तो वर्ग ३ चा. मनाचा निर्णय होत नाही म्हणून अनेक जण ३ लिहून मोकळे होतात. वास्तविक या वर्गात कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते, आणि जादा फिल्म व सोनोग्राफी पूर्ण झाल्यानंतरच तो देता येतो. केवळ स्क्रीनिंगच्या (लक्षणे नसताना केलेल्या तपासणीच्या) फिल्मवर शंका आली असेल, तर वर्ग ० द्यावा. मात्र ० हा आकडा घरच्यांना ‘काही नाही’ असा वाटू शकतो, त्यामुळे शेजारी ‘तपासणी अपूर्ण’ हे शब्द आणि नेमके काय हवे ते लिहावे, मग ती सोनोग्राफी असो वा घरी पडून असलेल्या जुन्या फिल्म.

वर्ग ४ मध्ये कर्करोगाची शक्यता २ ते ९५ टक्के इतकी पसरलेली असल्यामुळे ४ए (कमी संशय), ४बी (मध्यम), ४सी (जास्त) असा पोटवर्ग न देणे योग्य नाही. ४सी दिल्यावर बायोप्सीत साधी, म्हणजे कर्करोग नसलेली, गाठ निघाली, तर नमुना योग्य जागेचा होता का, हे तपासलेच पाहिजे. ४ए मध्ये तोच निकाल सहसा स्वीकारार्ह ठरतो.

एकाच फिल्ममध्ये दिसणाऱ्या दाट भागाला ‘मास’ (गाठ) म्हणू नये. दोन वेगळ्या कोनांतून दिसला, तरच तो शब्द वापरावा. आकार, कडा, घड्याळाच्या काट्यांनुसार जागा व स्तनाग्रापासूनचे अंतर नोंदवावे, नाहीतर सर्जनला ठिकाण नव्याने शोधावे लागते. दाट ऊतीमुळे गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून स्तनाची घनता दाखवणारे ए ते डी यांपैकी अक्षरही वगळू नये. आणि हाताला गाठ लागत असेल, तर मॅमोग्राफी स्वच्छ असली तरी ‘पुढील तपासणी नको’ असे कधीही लिहू नये.