लोर्ना म्हणायची असेल तर

आम्हा फोंड्याकडच्या मुलींचा गळा भजनावर आणि नाट्यगीतावर पोसलेला. मडगावात मैत्रिणीच्या लग्नात ‘एक लोर्ना म्हण गो’, म्हणजे कोंकणी गायिका लोर्नाचं एखादं गाणं म्हण, असा आग्रह झाला, तेव्हा मी बेधडक तिचं ‘बेबदो’ सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी सवयीने छोटीशी तान घेतली. फ्लोअरवरची जोडपी एका पायावर अडकली. तानेने अर्धी मात्रा खाल्ली होती. खाली उतरल्यावर मैत्रिणीची आंटी म्हणाली, “बाय, हें भजन न्हय गो.”

म्हणून पहिलं काम हे: तबला-पेटी बाजूला ठेवा आणि उभं राहून, पावलं टाकत गा. ‘नाचूंया कुंपासार’ या लोर्नाच्या गाण्याच्या नावातच सगळं आलं, ठेक्यावर नाचूया! आपली टाळी समेवर पडते. इथे ती चार ठोक्यांतल्या दोन आणि चारवर द्या. आठवडाभर स्वयंपाक करताना तेवढंच करा, शब्द नकोत.

आता तान. आपल्याला ओळ संपली की पुढची जागा रिकामी वाटते. ती रिकामी नसते. ख्रिस पेरी, म्हणजे लोर्नाची गाणी बांधणारा मडगावचा संगीतकार, स्वतः ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा. गायिकेने ओळ सोडायची आणि पितळी वाद्यांनी उत्तर द्यायचं, अशी ती रचना. तुम्ही मुरकी घेत बसलात तर ट्रम्पेटवाला तोंडाला वाद्य लावून वाट बघत राहतो. स्वर सरळ लावा, जोरात लावा आणि वेळेवर सोडा. कुजबुजल्यासारखं गाल तर लोर्ना राहणारच नाही. तिचा आवाज छातीतून येतो.

बँडशी बोलताना काळी-पांढरी सांगू नका. आपली काळी पाच ती त्यांची बी फ्लॅट. ट्रम्पेटची जातही तीच, त्यामुळे ती पट्टी सांगितली की त्यांचे चेहरे खुलतात. पांढरी तीन सांगितली तर कपाळाला आठ्या. एवढी वर पोचत नसाल तर काळी दोन मागा, म्हणजे ई फ्लॅट.

कोंकणी शब्द बहुतेक रोमी, म्हणजे रोमन लिपीत मिळतात आणि तिथे मराठी माणूस हमखास आपटतो. शेवटचा ‘एम’ म्हणायचा नसतो, आधीचा स्वर नाकात न्यायचा. ‘गोएम’ वाचाल, पण ते आपलं गोंय. ‘एक्स’ दिसला की ‘श’. एवढं करूनही एखाद्या सासष्टीच्या, म्हणजे मडगावकडच्या बाईसमोर एकदा म्हणून दाखवा. मी त्या आंटीकडेच गेले. पाव आणि सॉरपोतेल खाऊ घालून तिने माझे सगळे ‘ळ’ मऊ करून घेतले.

निवेदनाबद्दल एक सांगते, कारण याचा मला राग येतो. निवेदक माईक हातात घेतात आणि लोर्ना-ख्रिसच्या प्रेमाचीच गोष्ट रंगवतात. मुंबईत 1946 साली जन्मलेली, साठ-सत्तरच्या दशकात नाइटक्लब गाजवलेली ही बाई वीसहून जास्त वर्षं गप्प होती आणि 1995 मध्ये रॉनी मोन्सेरात यांच्या साथीने ‘हॅलो लोर्ना’ हा अल्बम घेऊन परत उभी राहिली, हे दोन वाक्यांत सांगा. लोकांना 2014 चा सिनेमा आठवेल. तो त्या दोघांच्या आयुष्यावर बेतलेला असला तरी सिनेमाच आहे, तो चरित्र म्हणून सांगत सुटू नका.

पहिलं कडवं तुमचं. दुसऱ्याला सगळा मंडप गायला लागतो, विशेषतः मागच्या टेबलांवरचे पुरुष. त्यांच्याशी चढाओढ नको. माईक तिकडे वळवा आणि तेवढ्यात घोटभर पाणी पिऊन घ्या.