घरी ऐकायला आणि रेकॉर्डिंगला स्वस्त हेडफोन घेताय? या चुका टाळा

हेडफोन घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न बजेटचा निघतो. माझ्या मते तो दुसरा. पहिला प्रश्न असा: माइक सुरू असताना हे हेडफोन कानावर असणार आहेत का? याचं उत्तर ठरलं की निम्मी निवड तिथेच होते.

ओपन-बॅक लावून गाणं रेकॉर्ड करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या हेडफोनची पाठ जाळीची असते. आवाज मोकळा, पसरलेला वाटतो. ऐकायला फार छान. फिलिप्सचा एसएचपी 9500 या जातीतला. पण तोच आवाज बाहेरही पडतो. मेट्रोनोमची टिकटिक, तानपुऱ्याचा ट्रॅक, सगळं माइकमध्ये शिरतं आणि गळ्याच्या ट्रॅकमधून नंतर स्वच्छ निघत नाही. एकेजी के 240 सारखे सेमी-ओपन स्टुडिओच्या नावाने विकले जातात, तेही गळतातच. रेकॉर्डिंगसाठी क्लोज्ड-बॅकच, म्हणजे बंद पाठीचाच घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम20एक्स किंवा त्याच्या वरचा एम40एक्स हे सरळ पर्याय आहेत. एम40एक्सची वायर सुटी होते, ती तुटली तर नवी लावता येते. एम20एक्सची पक्की असते.

गळती तपासायला हेडफोन घाला, मेट्रोनोम नेहमीच्या आवाजात लावा आणि माइकसमोर गप्प बसून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग तो ट्रॅक वाढवून ऐका. टिकटिक आली तर आधी चष्मा काढून पुन्हा करा. काडीमुळे पॅडखाली फट राहते. तिथून आवाज गळतो आणि बेसही जातो.

नागपूरचा उन्हाळा विसरणं

“नुसतं ऐकायचंय तर ओपन-बॅकच घ्या” हा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्याकडे एप्रिल ते जून तो चालत नाही. कूलरची घरघर सरळ कानात येते, आणि तिच्यावर मात करायला आपण आवाज चढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात; दर 3 डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. म्हणून कूलरच्या खोलीत ऐकणाऱ्यानेही क्लोज्ड-बॅकच घ्यावा असं मी म्हणेन.

त्याचीही किंमत आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, कूलर बंद करून गायला बसलात की थोड्याच वेळात पॅड घामाने भिजतात. रेक्झिनसारखं आवरण असंच वापरत राहिलं तर सोलपटतं आणि काळे कपचे गालाला चिकटतात. दोन टेकच्या मध्ये हेडफोन काढा, पॅड सुक्या कापडाने पुसा, कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नका. घेण्याआधी दुकानदाराला एवढं विचाराच: या मॉडेलचे पॅड सुटे मिळतात का? मिळत नसतील तर स्वस्त हेडफोनही महागच पडतो.

बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाऊन घेणार असाल तर गर्दीची वेळ टाळा. दुकानातलं धडधडणारं गाणं ऐकून ठरवू नका. स्वतःचं पाठ असलेलं गाणं फोनमध्ये न्या, चष्मा लावत असाल तर लावूनच बसा, आणि दहा-पंधरा मिनिटं हेडफोन डोक्यावर राहू द्या. कानाची पाळी पॅडच्या आत पूर्ण मावली पाहिजे.

ब्लूटूथवर भरवसा

ऐकायला ठीक. गाताना नाही. ब्लूटूथमध्ये साधारण 100 ते 200 मिलिसेकंद उशीर होतो. गाणारा मागे पडतो किंवा लय सोडतो. वायर लावूनही उशीर जाणवला तर दोष हेडफोनचा नाही. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये 48 किलोहर्ट्झला बफर (आवाजाचे किती नमुने एका वेळी साठवायचे तो आकडा) 1024 असेल तर एका बाजूलाच 21 मिलिसेकंद जातात. बफर 128 वर आणा किंवा इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचं) डायरेक्ट मॉनिटरिंग सुरू करा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट कानात येतो.

खोक्यावरच्या “5 ते 30,000 हर्ट्झ” अशा आकड्यांकडे बघू नका. माणसाला 20 ते 20,000 च्या पलीकडे ऐकू येत नाही. ओहम, म्हणजे हेडफोनचा विद्युत अडथळा, मात्र बघा. बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओहममध्ये येतो. 250 वाला फोनवर दबका वाजतो.

आणल्यावर बिघाड वाटला तर

आपला आवाज एकाच कानात येतोय? हेडफोन परत करायला धावू नका. माइक इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला असतो आणि सॉफ्टवेअरमधला ट्रॅक स्टिरिओ असतो, म्हणून तो फक्त डावीकडे येतो. ट्रॅक मोनो करा. डायरेक्ट मॉनिटरिंगला मोनोचं बटण असेल तर तेही दाबा.

वाद्यं ऐकू येतात पण गायकाचा आवाज गायब, पोकळ? प्लग पूर्ण आत गेलेला नाही किंवा 6.3 मिलिमीटरचा अडॅप्टर खराब आहे. ग्राउंड (दोन्ही बाजूंची सामाईक तार) सुटला की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज उडतो, आणि गायक बहुधा मधोमधच असतो. प्लग टिचकन बसेपर्यंत दाबा, नाहीतर अडॅप्टर बदला.

गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर खोलीतल्या प्लगचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.