एलए मोजायचाय? आधी वजनकाटा शोधा

एलए म्हणजे लेफ्ट एट्रियम, हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा; तो एकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर मोजतात. जेल, टिश्यू, चादर हे सांगत बसत नाही. वजनकाटा कुठे आहे ते आधी बघा. एको रूममध्ये नसला तर ओपीडीतून उचलून आणा, पण पेशंट बेडवर चढायच्या आधी वजन अन् उंची दोन्ही मोजा, चपला काढायला लावून. विचारून नाही, मोजून.

मागच्या मे महिन्यात काटोलकडची एक आजी आली, बीपी जुना, दोन जिने चढले की दम, बाहेर रांग अन् कूलर बंद, म्हणून मी मशीनमध्ये ६५ किलो, १६५ सेंटीमीटर टाकून दिलं, नंतर बदलू म्हटलं, अन् नंतर कसलं काय. एलए व्हॉल्यूम ५८ मिली, इंडेक्स (व्हॉल्यूम भागिले वजन-उंचीवरून मशीन काढतं ते शरीराचं क्षेत्रफळ, ३४ पर्यंत नॉर्मल) ३४ च्या आत, नॉर्मल लिहून मोकळा झालो. आठ दिवसांनी आजी फॉलोअपला आली, सरांनी रिपोर्ट पाहिला, आजीकडे पाहिलं, अन् मला बोलावलं, "काय रे, ही बाई ६५ किलोची आहे?" काट्यावर उभी केली तर ४२ किलो, उंची १५०. तेच ५८ मिली, इंडेक्स ४४. मॉडरेट वाढलेला एलए मी नॉर्मल करून घरी पाठवला होता भाऊ.

इसीजीच्या लीड लावाच. उन्हाळ्यात छाती घामाने चिपचिपी असते, आधी पुसा, नाहीतर ऐन स्ट्रेनच्या (एलएची भिंत किती ताणली जाते ते मोजायच्या) वेळी स्टिकर गळून पडतं.

पेशंट डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. आता व्ह्यू. एलव्हीसाठी (डाव्या खालच्या कप्प्यासाठी) घेतलेल्या फोर चेंबरवरच (चारही कप्पे दिसतात त्या व्ह्यूवर) एलए मोजून टाकायचा आळस बरेच जण करतात, मीही करायचो. एलएचा अक्ष वेगळा असतो, त्या व्ह्यूत तो आखूड दिसतो अन् व्हॉल्यूम कमी येतं. फोर अन् टू चेंबर (डावीकडचे दोनच कप्पे दिसतात तो) एलएसाठी वेगळे घ्या, श्वास सोडून थांबायला सांगा, दोन्हीतल्या लांबीत ५ मिलिमीटरच्या वर फरक आला तर परत घ्या. पॅरास्टर्नलचा (छातीच्या मधल्या हाडाशेजारून घेतलेल्या व्ह्यूचा) एकटा डायमीटर देऊन सुटू नका, एलए सगळीकडे सारखा फुगत नाही.

अन् वजन घेतलं ना? विचारतोय फक्त.

ट्रेसिंग (एलएची कड आखणं) मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे एलए अन् एलव्हीमधली झडप, उघडायच्या अगदी आधीच्या फ्रेमवर. खालची रेघ अ‍ॅन्युलसवर (झडपेच्या कड्यावर), लीफलेटच्या (झडपेच्या पाकळ्यांच्या) टोकांवर नाही. अपेंडेज (एलएची छोटी पिशवी) अन् पल्मोनरी व्हेनची (फुफ्फुसातून येणाऱ्या शिरांची) तोंडं बाहेर.

स्ट्रेनला फ्रेम रेट सेकंदाला ५० ते ७०. एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, अनियमित ठोके) असेल तर बूस्टर पंपाचा (एलए आकुंचन पावून रक्त ढकलतो त्याचा) आकडा शोधू नका, तिथे एलए आकुंचनच पावत नाही, रिझर्व्हॉयर (एलए भरताना ताणला जातो तो आकडा) द्या, बीट जास्त घेऊन सरासरी काढा.

रिपोर्टमध्ये मिली, इंडेक्स, वजन, उंची, रिदम (ठोक्यांची लय). झालं.

हो, काट्याचे सेल. दोन एक्स्ट्रा ड्रॉवरमध्ये ठेवा, परवाच ऐन वेळी गेले होते.