'रादिक्स'च्या घरचे शब्द: या चुका टाळा

सदाशिव पेठेत अभ्यासिकांच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांत 'रूट वर्ड'च्या याद्या फिरत असतात. कल्पना चांगली आहे. लॅटिन 'रादिक्स' म्हणजे झाडाचं मूळ. हा एक शब्द धरला की रॅडिकल, इरॅडिकेट, रॅडिश, रॅडिकँड असे बरेच इंग्रजी शब्द एका दमात समजतात. पण अशा याद्यांत परके पाहुणेही शिरतात, आणि पाठ करणारा त्यांनाही घरचेच समजतो.

रेडियो, रेडियस, रेडियम इथले नाहीत

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. 'रेडियस' म्हणजे लॅटिनमध्ये चाकाचा आरा आणि किरण. त्यावरून त्रिज्या, रेडिएशन, रेडियम, रेडियो. मुळाशी यांचा काडीचाही संबंध नाही. गोंधळ होतो तो फक्त पहिली चार अक्षरं सारखी दिसतात म्हणून.

ओळखायच्या खुणा दोन. पहिली स्पेलिंगची: 'रादिक्स'चं रूप चालवताना 'रादिकिस' होतं, म्हणून त्याच्या वंशजांत आर-ए-डी-आयनंतर सी येतो. आर-ए-डी-आयनंतर थेट ए, ओ किंवा यू आला, तर तो किरणवाला. दुसरी खूण उच्चाराची: मुळाच्या घरात 'रॅ', किरणांच्या घरात 'रे'. अपवाद मोजून दोन लक्षात ठेवा. 'रॅडिश' फ्रेंचच्या वळणावर गेला आणि त्याचा सी हरवला. खुद्द 'रेडिक्स' हा शब्द इंग्रजीत 'रे'नेच उच्चारतात आणि त्यात सीच्या जागी एक्स असतो. अनेकवचन करताना मात्र सी परत येतो, 'रेडिसीज'.

रडार तर लॅटिन घराण्यातून थेट आलेलाच नाही, तो इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेला आहे. आणि अब्रेड, इरेज, रेझर हे 'रादेरे' म्हणजे खरवडणे यावरून आलेत. इरेज म्हणजे खरवडून पुसणं, इरॅडिकेट म्हणजे मुळासकट उपटणं.

इरॅडिकेट: एकच आर, आणि एलिमिनेट वेगळा

स्पेलिंग ई-आर-ए-डी असं सुरू होतं. इररेग्युलर, इररॅशनलच्या सवयीने आय आणि दोन आर लावले जातात. इथला ई म्हणजे 'बाहेर'. आपल्या 'निर्मूलन'मधला 'निर्' तेच काम करतो. रचना इतकी जुळते की हा शब्द घोकायची गरजच नाही. त्यामुळेच 'इरॅडिकेट फ्रॉम द रूट्स' लिहू नका. मूळ दोनदा उपटलं जातं.

अर्थाची चूक जास्त महागात पडते, विशेषतः आरोग्यावरच्या उत्तरात. एलिमिनेटमध्ये 'लिमेन' आहे, म्हणजे उंबरठा: उंबरठ्याबाहेर घालवणं. सार्वजनिक आरोग्याच्या भाषेत एखाद्या देशातून किंवा प्रदेशातून संसर्ग थांबला की एलिमिनेशन, जगभरातून कायमचा संपला की इरॅडिकेशन. देवीचा रोग इरॅडिकेट झाला, 1980 साली तसं जाहीर झालं. गुरांचा बुळकांडी रोग 2011 साली. माणसाच्या रोगांत देवीखेरीज हा मान अजून कुणाला नाही. 2014 साली भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला, पण जगातून पोलिओ गेलेला नाही. तेव्हा भारताच्या पोलिओबद्दल इरॅडिकेटेड लिहिलंत तर चूक. मराठीत दोन्हींना सर्रास 'निर्मूलन' म्हणतात, गडबड तिथूनच सुरू होते.

एकच उच्चार, दोन स्पेलिंगं

शेवटी ए-एल असलेला रॅडिकल म्हणजे मुळाशी जाणारा. शेवटी एल-ई असलेला म्हणजे 'छोटं मूळ', बीजातलं आदिमूळ. मिसळीसाठी भिजवलेल्या मटकीतून जी पांढरी शेपटी आधी बाहेर येते, ती हीच. जीवशास्त्राच्या उत्तरात ए-एल लिहिलं की बीजाला क्रांतिकारक विचार सुचल्यासारखं वाटतं.

पहिल्या रॅडिकलचं भाषांतर दर वेळी 'जहाल' करू नका. रॅडिकल रिफॉर्म म्हणजे मुळापासून केलेली सुधारणा. तिथे 'मूलगामी' किंवा 'आमूलाग्र' बसतं. रसायनशास्त्रात तो 'मूलक'. गणितात रॅडिकल साइन म्हणजे √, हे चिन्ह छापील पुस्तकात पहिल्यांदा 1525 साली ख्रिस्तोफ रुडोल्फ यांनी वापरलं. त्या चिन्हाच्या आतली संख्या ती रॅडिकँड. संगणकवाल्यांचा रेडिक्स म्हणजे संख्यापद्धतीचा पाया: दशमानाचा 10, द्विमानाचा 2.

'रूट' हा शब्द 'रादिक्स'पासून आलेला नाही

याद्यांचं शीर्षकच 'रूट' असल्यामुळे हा समज पक्का होतो. रूट इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्सभाषेतून. लॅटिन रादिक्स, ग्रीक 'रिझा' आणि रूट ही भावंडं आहेत, आईलेकरं नव्हेत. हळदीच्या गड्ड्याला रायझोम म्हणतात तो ग्रीक शाखेतला. वंशाचा 'रेस' इटालियन 'रात्सा'वरून आला, तोही या यादीतून काढा. डेरासिनेट (मुळापासून तोडणं) मात्र ठेवा, तो फ्रेंच 'रासिन' म्हणजे मूळ यावरून, इथे सी आहेच.

मराठीशी जोडताना

रॅडिश आणि आपला मुळा यांचा अर्थ अगदी समांतर चालतो: तिकडे रादिक्सवरून रॅडिश, इकडे मूळवरून मुळा. पण 'मूळ' आणि 'रादिक्स' हे एकाच धातूचे नाहीत, तेव्हा नातं कल्पनेचं म्हणा, रक्ताचं नको. आणि पुण्याची मुळा नदी भाजीच्या मुळ्याला नुसत्या आवाजावरून जोडली, तर ती रेडियोला मुळाशी जोडण्याइतकीच कच्ची व्युत्पत्ती होईल.